बंदराच्या पायऱ्यांवरच्या गोगलगायी

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो प्राणिशास्त्राची अधिव्याख्याता झाल्यावर. त्याआधी दोन वर्षं मी नळदुर्गच्या कॉलेजात पोरांना समुद्रातले प्राणी शिकवत होते, तेही अगदी ठणकावून. तारामासा, जेलीफिश, शिंपले, सगळं बाटलीतलं आणि फॉर्मॅलिननं पांढरं पडलेलं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. उस्मानाबाद जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत होते आणि मी फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती काढत होते. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

पीएचडीच्या नोंदणीसाठी विद्यापीठात गेले तेव्हा तिथले मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमच्या भागातलं काही तरी घ्या. शेळ्यांच्या पोटातले जंत घ्या. नमुने घरबसल्या मिळतील." ते चांगल्या मनानंच म्हणाले असतील, पण मला झोंबलं. जळकोटसारख्या दुष्काळी गावची म्हणून मला जंत, आणि बाकीच्यांना मासे आणि खेकडे? सरांच्या यादीत समुद्रातल्या एका शंखवाल्या गोगलगायीच्या प्रजननाचा विषय पडून होता. प्रवास फार म्हणून तो कुणी उचलत नव्हतं. मी तो मागितला.

"तुम्ही समुद्र पाहिलाय का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग?"

"मग आता बघीन की."

सर हसले आणि त्यांनी विषय दिला. अट एकच होती. दरवर्षी कामाचा अहवाल द्यायचा आणि त्यावर सरांची सही झाली तरच नोंदणी पुढं चालायची. सही नाही तर सगळं बंद. आमच्या वस्तीत माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मायनं तर नोंदणीच्या दिवसापासूनच लेक डॉक्टर होणार म्हणून सांगत सुटायला सुरुवात केली होती. शेजारची एक म्हातारी आठवड्यातून एकदा गुडघा दाखवायला यायची. मी गोगलगायीची डॉक्टर होणार आहे असं सांगितलं तर म्हणायची, "आसू दे की बाई, गुडघा त्यानलाबी आसंलच." सही झाली नाही तर मला तिच्यासमोरही तोंड लपवावं लागलं असतं, मायचं तर विचारूच नका.

या गोगलगायीबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्या शेतातली गोगलगाय नर आणि मादी दोन्ही एकाच अंगात घेऊन हिंडते. समुद्रातली ही खडकाला चिकटणारी, मुठीत मावणारी, दुसऱ्या शिंपल्यांना भोकं पाडून खाणारी गोगलगाय तशी नाही. तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या डोक्याशी, उजव्या शिंगामागं त्याचं इंद्रिय असतं. मादीच्या पोटात अंड्यांच्या कुप्या तयार करणारी पिवळसर ग्रंथी असते. शंखाबाहेरून काहीच कळत नाही. शंख फोडायचा आणि आत बघायचं, एवढं साधं काम.

पहिल्यांदा कोकणातल्या त्या बंदरावर उतरले तेव्हा समोर एवढं पाणी होतं की मला राग आला. खरंच राग आला. आमच्याकडं हंड्याहंड्यासाठी रांगा आणि इथं हे असं नुसतंच पडलेलं. मग मी आजूबाजूला पाहिलं. धक्क्यावरून पाण्यात दगडी पायऱ्या उतरत होत्या. मी चपला काढल्या आणि त्या पायऱ्यांनी खाली गेले. ओहोटी होती. खालच्या पायऱ्यांवर मला हव्या त्याच गोगलगायी दाटीनं बसल्या होत्या. शेजारी मच्छीमारांच्या सोसायटीनं घेतलेल्या नव्या होड्या बांधल्या होत्या. त्यांची बुडं लालभडक रंगवलेली होती. मी गोगलगायी वेचल्या आणि वर आले.

दुसरीकडं कुठं जावं असं माझ्या मनातही आलं नाही. याला कारण माझी माय. तिच्या माहेरी पायऱ्यांची विहीर होती आणि आमच्या लोकांना त्या पायऱ्या उतरायची बंदी होती. माय लहानपणी वर घागर घेऊन उभी राहायची, कुणी दया येऊन ओतेल तेवढं पाणी घरी न्यायची. छप्पन साली आमची माणसं बौद्ध झाली आणि त्यानंतर एके दिवशी सगळी वस्ती मिळून त्या पायऱ्या उतरली. माय त्यात होती. तेव्हापासून तिचा एकच नियम, तोच तिनं आम्हाला लावला. पाणी दिसलं की काठावर घुटमळायचं नाही, पायऱ्यांनी उतरायचं आणि आपल्या हातानं घ्यायचं. मी समुद्राशीही तेच केलं. पुढच्या खेपेला तेच केलं, त्याच्या पुढच्याही.

गोगलगायी मी दूध सोसायटीतून मागून आणलेल्या, पोचे पडलेल्या कॅनमध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळून एस.टी.नं आणायची. सोलापूरच्या गाडीत एका कंडक्टरनं विचारलं, "बाई, दूध हाय का?" मी म्हटलं, "गोगलगायी आहेत." त्यानं मला शेवटच्या सीटवर पाठवलं आणि उतरेपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळाला पाणी नसायचं, म्हणून सुट्टीत मी काम घरीच करायची. जळकोटला आमच्या अंगणात निंबाखाली एक चपटा दगड मांडायचा, शेजारी मेणाचा ट्रे, टाचण्या, भिंग. विद्यापीठात शंख पकडीत धरून दाबतात, त्यात निम्म्या वेळा आतल्या जिवाचा चेंदा होतो. मी हातोडी वापरायची. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोर होते तेव्हा मायबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. दगडाला कुठं आणि किती मारायचं हे हाताला माहीत होतं. दोन हलके ठोके दिले की शंख निघायचा आणि आतला जीव अख्खा ट्रेमध्ये यायचा. या बाबतीत माझ्याइतकं सफाईदार काम विद्यापीठात कुणाचं नव्हतं, हे मी आजही सांगते.

पहिल्याच दिवशी एक उघडली, ती मादी निघाली. पिवळसर ग्रंथी होती, अगदी ठळक. टोकाशी अंडाशयही होतं. आणि उजव्या शिंगामागं नराचं इंद्रिय होतं. मी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. ते होतंच. दुसरी उघडली, तिलाही होतं. त्यानंतरच्या एकीची अंडी बाहेर पडायची वाटच बुजून गेली होती आणि न निघालेल्या कुप्यांचा काळपट गोळा आत साठून राहिला होता. त्या दिवशी उघडलेल्या बहुतेक माद्या अशाच निघाल्या.

माय शेजारी बसून ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"काय निघालं गं?"

मी जरा चाचरत सांगितलं. मायला अशा गोष्टींचा संकोच नव्हता, मलाच होता.

"म्हंजी बाईच हाय, पर गड्याचंबी फुटलंय?"

"व्हय."

"आन् अंडी?"

"अंडी आतच अडकलीत. बाहेर येत न्हाईत."

माय त्या ट्रेकडं बघत राहिली. "मरत आसंल की मंग बिचारी," म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. मला मात्र त्या वेळी बिचारी वगैरे काही वाटलं नाही. मला आनंद झाला होता. आपल्याला काही तरी सापडलंय असं मला वाटत होतं आणि मी त्या आनंदात भराभर शंख फोडत होते.

अहवाल घेऊन विद्यापीठात गेले. सरांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला.

"हे काय लिहिलंय?"

"जे दिसलं ते, सर."

"ज्याला इंद्रिय आहे तो नर. इतकं साधं आहे."

"पण सर, त्यांच्या पोटात अंडी आहेत."

"मग तुमचा घोटाळा झालाय. एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं पोट मिसळलं असेल. होतं असं, तुम्हाला या प्राण्यांची सवय नाही. तुमच्याकडं समुद्रच नाही." त्यांनी अहवाल परत केला. "हे सगळे नर म्हणून लिहून आणा. या महिन्यात दुरुस्त करून दिलंत तर सही करतो. नाही तर मला सही करता येणार नाही. ज्याला नर-मादी ओळखता येत नाही त्याची नोंदणी मी कशी चालू ठेवू?"

मी अहवाल पिशवीत घालून बाहेर आले. परतीच्या गाडीत माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. दुरुस्ती करायला अर्धा तास पुरला असता. मादीच्या जागी नर लिहायचं, बस. सही मिळाली असती, नोंदणी टिकली असती, माय वस्तीत मिरवायला मोकळी. आणि मी ते लिहिलं नाही तर लोक म्हणणार, पोरीला झेपलं नाही. सरांनी तर तसं म्हटलंच होतं, सभ्य शब्दांत. मला सगळ्यात जास्त राग याचा आला की क्षणभर माझ्याही मनात आलं, खरंच आपला घोटाळा तर झाला नसेल?

घरी आल्यावर मायला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यानं सोता बघितल्या का?"

"न्हाई."

"मंग त्याच्याम्होरं फोड की. हितं बसून माझ्याम्होरं फोडून काय उपेग?"

तिला ते किती सोपं वाटत होतं. पण दुसरा मार्गही नव्हता. पुढच्या आठवड्यात मी राखून ठेवलेल्या गोगलगायींची बरणी, ट्रे आणि हातोडी पिशवीत घालून पुन्हा विद्यापीठात गेले. सर खोलीत होते. मी त्यांच्या टेबलावरच बरणी ठेवली.

"सर, दुरुस्ती आणलेली नाही. तुम्ही एक बघा. तुम्हाला नर वाटला तर मी इथंच नर लिहिते."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी खुर्ची पुढं ओढली. बरणीतली कुठली घ्यायची ते मी त्यांनाच निवडायला सांगितलं. मी दोन ठोके मारले, शंख निघाला. जीव एकसंध होता, डोकं पोटाला जोडलेलं. मी तो ट्रेमध्ये टाचला आणि बाजूला झाले. सरांनी भिंग लावलं. ते खूप वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "अजून एक." मग अजून एक. चौथीनंतर त्यांनी भिंग खाली ठेवलं. अडकलेल्या कुप्यांचा गोळा ट्रेमध्ये होता. त्याला घोटाळा म्हणायची सोय राहिली नव्हती.

"या कुठून गोळा केल्यात?"

"बंदराच्या पायऱ्यांवरून."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"उघड्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून एकही नाही?"

"नाही सर. आमच्याकडं पाण्याला पायऱ्यांनीच उतरतात."

सरांना त्यातलं काही कळलं नाही आणि मी समजावलंही नाही. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चालू झालं होतं. परदेशात बंदरांजवळच्या गोगलगायींमध्ये असलंच काही तरी पाहिलं गेलंय, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. होड्यांच्या बुडाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून जो विषारी रंग लावतात, त्यातल्या कथिलाच्या रसायनावर तिकडं संशय होता. "पण तुमचं काम एवढ्यावर उभं राहत नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडं एकाच जागेच्या गोगलगायी आहेत. ही जातच मुळात अशी आहे, का बंदरात काही घडतंय, हे यावरून कसं सांगणार? उघड्या खडकांवरच्या आणा. तोवर सही थांबली."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि तेच मला जड गेलं.

उघडा किनारा म्हणजे लाटा. मला पोहता येत नव्हतं, आमच्याकडं शिकायला पाणी कुठलं? या खेपेला माय माझ्याबरोबर आली. तिनं घरून विहिरीचा जाड दोर आणला होता. विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरतो तेव्हा त्याच्या कमरेला दोर बांधून वर दुसरा धरून बसतो, तसाच तिनं तो माझ्या कमरेला बांधला. दुसरं टोक स्वतःच्या हाताला दोन वेढे देऊन ती एका मोठ्या खडकाआड पाय रोवून बसली. तिथं कालवं काढणाऱ्या बायका होत्या. त्या काम टाकून बघायला लागल्या. एक म्हणाली, "बाय माझे, पोरीला बांधून कशाला ठेवलंत?"

माय म्हणाली, "लई लांबनं आणलीया. वाहून गेली तर घरी काय सांगू?"

त्या बायका खूप हसल्या. मग त्यातलीच एक माझ्या पुढं चालायला लागली आणि पाय कुठं ठेवायचा ते दाखवत गेली. मी दोनदा घसरले. एकदा लाट कमरेपर्यंत आली आणि मायनं असा हिसका दिला की मी बसकण मारली. पण खडकांच्या फटींत गोगलगायी होत्या, पायऱ्यांवरच्याइतक्याच, त्याच जातीच्या. संध्याकाळी कॅन भरून आम्ही गाडी धरली. मायच्या हाताला दोरानं वळ उठले होते. ती म्हणाली, "समुद्र बरा हाय. पर लई वढतो."

जळकोटला येऊन निंबाखाली बसले तेव्हा हातोडी उचलायला मी वेळ लावला, हे कबूल करते. या माद्याही तशाच निघाल्या असत्या तर बंदराशी त्याचा काही संबंध लागला नसता. पहिली उघडली. ग्रंथी होती, अंडाशय होतं, शिंगामागं काही नव्हतं. दुसरी तशीच, त्यानंतरचीही तशीच. माय दर वेळी विचारायची, "हिला?" आणि मी म्हणायची, "न्हाई." पुढं पुढं ती विचारायची थांबली. सगळ्या माद्या निखळ माद्या होत्या.

तेव्हा कुठं मला त्या पायऱ्यांवरच्यांचं वाईट वाटलं. त्यांच्यात काही खोट नव्हती. त्या नीट जन्मल्या होत्या आणि चुकीच्या जागी बसल्या होत्या, एवढंच. अंगात उगवलेलं ते आता परत जाणार नव्हतं आणि अंडीही सुटणार नव्हती. इतके महिने मी त्यांच्याकडं माझं यश म्हणून बघत होते. मायला जे पहिल्या दिवशी दिसलं होतं ते मला आता दिसलं, आणि मी हातोडी बाजूला ठेवून दिली.

दोन्हीकडच्या गोगलगायी घेऊन विद्यापीठात गेले. सरांना या खेपेला सांगावं लागलं नाही. त्यांनी बाह्या वर केल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत स्वतः बघितलं. जेवायलाही उठले नाहीत. शेवटी टेकून बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखा आनंद होता.

"रंगच आहे," ते म्हणाले. "लिहा. बंदरातल्या होड्यांच्या रंगातल्या कथिलामुळं माद्यांमध्ये ही विकृती आली. असं स्वच्छ लिहा. लगेच सही करतो."

मी पेन उघडलं आणि लिहिलं, शक्य कारण.

त्यांनी वाकून वाचलं. "शक्य कशाला? एवढं समोर दिसतंय."

"विकृती दिसली, सर. बंदरात आहे आणि खडकांवर नाही, हेही दिसलं. रंगात कथिल आहे का, ते मी पाहिलेलं नाही. ते पाण्यात उतरतं का, या प्राण्याच्या अंगात जातं का, तेही पाहिलेलं नाही. बंदरात डिझेल आहे, गटार आहे. ते तपासायला आपल्याकडं यंत्र नाही."

"अहो, त्या एका शब्दानं सगळ्या कामाची धार जाते. परिषदेत कोण ऐकणार? आणि मी सांगतोय ना."

त्यांनी अहवाल स्वतःकडं ओढला आणि पेन हातात घेतलं. मला कळत होतं की सही आता त्या एका शब्दावर अडली आहे.

"तुम्ही मागं मला नर लिहायला सांगितलंत, ते मी लिहिलं नाही. कारण मी नर पाहिला नव्हता," मी म्हटलं. "हेही तसंच आहे, सर. नोंदणी जायची तर जाऊ दे."

सरांनी माझं ते पान पहिल्यापासून पुन्हा वाचलं. त्या शब्दापाशी आले, तिथं पेनाचं टोक टेकवलं आणि थांबले. मला वाटलं आता खोडणार. मग ते पानाच्या तळाशी गेले आणि त्यांनी सही केली.

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशीच मी बसून बघायला हवं होतं," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले, पण अगदी स्पष्ट.

सर असं म्हणतील त्या दिवसासाठी मी बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं, गाडीत पाठ करून आले होते. डोळे भरून आले, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी ट्रेवर वाकले. "अजून तीन राहिल्यात, सर," एवढंच म्हटलं. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला सरकवली आणि आम्ही पुढची बघायला घेतली.